भवानी पेठेचा भोंगा

कमलम्माच्या तोंडाला अख्खी भवानी पेठ भीत असे, आणि कमलम्माला त्याचा मनापासून अभिमान होता. सकाळी ती दारात उभी राहून नुसती खाकरली, तरी समोरच्या बोळातला दूधवाला पाण्याच्या बादलीपासून दोन हात लांब सरके. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही कानडी. पण नवरा वारल्यावर परसातले सहा माग आणि कल्लप्पा नावाचा एक भित्रा मुलगा, दोन्ही तिनं एकटीनं चालते ठेवले होते. त्यातले माग चालवणं सोपं होतं, असं ती स्वतःच सांगे.

अशा बाईच्या घरात, तिच्याच सतरंजीवर बसून, तिच्याच हातचं केशराचं दूध पिता पिता कुणी सोलापूरला हसावं?

पण हसले. आणि हसणारे होते होऊ घातलेले व्याही, धारवाडचे गुरुबसप्पा.

झालं ते असं. कमलम्माच्या नातीचा, कल्लप्पाच्या हेमावतीचा साखरपुडा होता. ओटी भरून झाली होती, जंगमस्वामींचा आशीर्वाद झाला होता. गुरुबसप्पा लाकडाच्या वखारीचे मालक. अंगानं भरदार, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, डोक्याला परीटघडीचा पांढरा पटका. स्वभावानं माणूस दिलखुलास होता, पण आपल्या गावाविषयी बोलायला लागला की थांबायचं नाव घेत नसे.

"आमच्या धारवाडात तुम्ही कुठल्या पण बोळात शिरा," ते सांगत होते. "कुणी तरी तानपुरा लावून बसलेलंच असतंय. हवाच अशी गार, की माणसाचा गळा आपोआप..."

आणि तेवढ्यात गिरणीचा तीनचा भोंगा झाला.

सोलापूरकराला भोंग्याचं काय? कल्लप्पानं नेहमीसारखं मनगटावरचं घड्याळ जुळवलं. शेजारची नागव्वा पान लावत होती, ती लावतच राहिली. पण गुरुबसप्पांच्या हातातला पेला असा उडाला की केशराचं दूध धोतरावरून थेट पायापर्यंत गेलं.

"शिव शिव शिव! काय झालं हे?"

"काय न्हाय, मामा," कल्लप्पा म्हणाला. "पहिली पाळी सुटली."

गुरुबसप्पांनी धोतर झटकलं, आणि मग त्यांना हसू आलं. पोट धरून हसले. "असं होय! म्हणजे आमच्या गावाला तानपुरा आणि तुमच्या गावाला भोंगा! हेच की काय हो सोलापूरचं गाणं?"

धारवाडची सगळी मंडळी हसली. लबाडी करायची नाही म्हणून सांगायचं, तर सोलापूरचेही दोघेतिघे हसले. कमलम्मानं त्यांची तोंडं लक्षात ठेवली. पण तिची नजर गेली ती हेमावतीकडे. पोरीची मान फुलांच्या वेणीसकट खाली गेली होती.

कमलम्माला पुढची वीस वर्षं तिथंच दिसली. आमटीत मीठ जास्त पडलं, भोंग्याच्या गावची. पोर जरा मोठ्यानं बोलली, भोंग्याच्या गावची. दर सणाला, दर पंगतीला ही गोष्ट निघणार, धोतरावर दूध सांडणार, लोक हसणार, आणि तिची नात अशीच मान खाली घालून वाढत राहणार. म्हणून कमलम्मा बोलली.

"बीगरू," ती म्हणाली. कानडीत व्याह्याला असंच म्हणतात, पण ती ते अशा सुरात म्हणे की समोरच्याला मान दिलाय की मान धरलीय, ते कळू नये. "सोलापूरचं गाणं हाय. आमचं सोताचं हाय. तुमी वऱ्हाड घेऊन भवानी पेठेत पाय ठेवा, मग ऐकवते. ते वाजलं की पेठेत एक माणूस घरात ऱ्हात न्हाय. म्हातारी-कोतारी सुद्धा दारात येतेत."

"एक पण राहत नाही?"

"एक न्हाय."

"आणि राहिलं तर, अक्का?"

"तर माझ्या नातीला तुमच्या घरात जलमभर धुळीच्या गावची म्हणा, भोंग्याची म्हणा. मी तोंड उघडणार न्हाय."

हे ऐकून नागव्वाच्या हातातलं पान खाली पडलं. कमलम्मा तोंड उघडणार नाही, ही गोष्ट पेठेत कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती.

गुरुबसप्पाही मागं हटणारे नव्हते. त्यांनी छातीवर हात ठेवला. "आणि सगळी पेठ दारात आली, तर हा गुरुबसप्पा पटका कमरेला बांधून भर रस्त्यात नाचेल. ह्या वयात. बायकोदेखत."

"मला कशाला मधी ओढायलाय?" त्यांची बायको बसव्वा पदराआडून म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले.

पाहुणे स्टेशनाकडे गेल्यावर कल्लप्पा स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

"अव्वा, कुटलं गाणं?"

"कुटलं म्हंजे?"

"सोलापूरचं. मी तर कवा ऐकलं न्हाय."

"मी तरी कुटं ऐकलंय?" कमलम्मा म्हणाली, आणि पेले विसळायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं पंचाक्षरी मास्तरला बोलावणं धाडलं. पंचाक्षरी दिवसा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता आणि लग्नसराईत बँडमास्तर. त्याच्या ब्रास बँडमध्ये सगळे मागावरचे नाहीतर गिरणीतलेच लोक. सोनेरी झालरीचे लाल कोट आणि चिंचेनं घासून लखलखीत केलेली पितळी वाद्यं. मोठा भोंग्या तोंडाचा बाजा जो वाजवी, तो इतका बारीक होता की लांबून बाजाच चालत आल्यासारखा दिसे.

कमलम्मानं सगळ्यांना मागाच्या पत्र्याच्या शेडमध्येच बसवलं, कारण माग बंद ठेवणं तिच्या जिवावर येई.

"सोलापूरचं गाणं पायजे," ती म्हणाली. "वैशाखात लगीन हाय. लागा कामाला."

मास्तरनं आधी एक सिनेमाची चाल काढली.

"ही ती नटी डोक्यावर घागर घेऊन पळती, तीच न्हवं?" कमलम्मा म्हणाली. "आपल्या नळाला पाणी येतंय तरी का घागर भरायला? दुसरं."

मास्तरनं मग लष्करी थाटाची चाल धरली.

"चोर सापडला काय पोलिसाला? दुसरं."

मास्तरनं घाम पुसला आणि एक संथ, गंभीर धून सुरू केली. कमलम्मानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मास्तर, नवरदेव यायलाय. जायला न्हाय."

वाजवणाऱ्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली. मागं माग आपले चालूच होते. खटक-खट, खटक-खट-खट. भिंतीला टेकून बिरप्पा बसला होता. हा बँडमधला ट्रंपेटवाला. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलात काही वर्षं वाजवून परत आला होता. का आलास, असं विचारलं तर सांगे, तिकडं कडक भाकरी मिळत नाही. पण तिकडून तो एक खोड घेऊन आला होता. सरळ ठोक्यावर म्हणून फुंकायचं नाही. ठोका गेला की मग मधल्या फटीत शिरायचं, एक आखूड फुंकर मारायची आणि बाहेर पडायचं, पापड मोडावा तशी. मास्तर त्याला ह्यावरून रोज शिव्या घाली.

आता मास्तर दमलेला होता, म्हणून बिरप्पानं ट्रंपेट उचललं आणि मागाच्या खटखटीत हळूच शिरला. खटक-खट, पॅप्! खटक-खट-खट, पॅप् पॅप्! ढोलवाल्याला राहवलं नाही, त्यानं बोटांनी ढोलाची कड धरली. मग बाकीची पितळी वाद्यं हळूहळू आत आली. शेडच्या पत्र्याला असं काही स्फुरण चढलं, की सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

कमलम्मानं खाली बघितलं. लुगड्याच्या काठाखाली तिचा उजवा पाय आपटत होता. तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की जणू दुसऱ्या कुणाचा पाय न विचारता घरात घुसलाय.

"काय वाजवायलास रे हे?"

बिरप्पा घाबरून थांबला. "काय न्हाय, अम्मा. मागाच्या मधल्या जागा भरायलोय."

"थांबू नको. भर. सगळ्या भर."

चाल सापडली, पण सुरुवात सापडेना. मास्तर म्हणाला, असल्या उड्या मारणाऱ्या चालीच्या आधी काहीतरी मोठं पाहिजे, लोकांनी मान वर करावी असं. कमलम्मा विचार करत बसली, आणि तिच्या डोळ्यांपुढं पुन्हा ते दूध सांडलं.

"भोंगा," ती म्हणाली.

"आँ?"

"ज्याला हसले तेच आधी वाजवायचं. तुज्या त्या मोठ्या बाजानं पार तळातनं उठवायचं, वर न्यायचं, आणि पार डोक्यावर नेऊन धरायचं. आपल्या भोंग्यागत. मग सोडून द्यायचं आणि ह्या पोरानं घुसायचं. हसणाऱ्याला कळू दे, आमी लपवत न्हाय."

शब्द तिनंच केले. शेंगा फोडता फोडता केले, कारण लिहायला बसायचं तिला कधी जमलं नाही. ती एक ओळ म्हणे, एक शेंग फोडी, ओळ आवडली नाही तर टरफलाबरोबर टाकून देई. शेवटी राहिलं ते एवढं:

ऊन कुणाचं? आमचं की!
धूळ कुणाची? आमची की!
थंडीत गुरगुटून झोपता तुमी,
चादर कुणाची? आमची की!

प्रश्न मास्तरनं विचारायचा आणि "आमचं की" वाजवणाऱ्यांनी तोंडातलं वाद्य काढून ओरडायचं. धारवाडच्या गार हवेत अंगावर काय घेतात, हे तिनं साखरपुड्याच्या आधी घर बघायला गेली तेव्हाच बघून ठेवलं होतं. चादरीच्या घडीवर सोलापूरचा शिक्का होता.

तालमी मात्र तिनं पेठेत होऊ दिल्या नाहीत. अक्कलकोट रस्त्याला तिच्या भावाचं रान होतं, तिथं बँड जाई. "आदी ऐकलं तर दारात कोण येणार? शिळं खायला कुणी धावत येतंय का?" कल्लप्पाचं म्हणणं निराळं होतं. त्याला वाटे, आपण घरोघर जाऊन सांगावं, बाबांनो, अमक्या वेळी बाहेर या. कमलम्मा त्याच्यावर अशी उसळली की तो दोन दिवस परसातूनच ये-जा करत होता.

"सांगून आणलेली माणसं? मग मी खोटी पडले न्हवं का? गाण्यानं आली तर आली. एका जरी घरात सांगितलंस, तर लग्नात तुला पंगतीला बसू देणार न्हाय."

तर असं ते गाणं रानात वाढलं. ऐकायला तिथं दोन बैल आणि राखणदार. मोठ्या बाजानं भोंगा काढला की बैल कान हलवत आणि पुन्हा चरायला लागत. त्यामुळं ती सुरुवात किती हुबेहूब साधली आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

लग्न तोंडावर आलं आणि धारवाडहून तार आली. संध्याकाळी येणारं वऱ्हाड उन्हाच्या भयानं सकाळच्या मीटरगेजनं येणार होतं.

कल्लप्पानं तार वाचली आणि आईकडं धावला. "अव्वा, सकाळी! उजाडताना! वैशाखात पेठ रस्त्यावर खाटंवर आडवी असती. कोण येणार दारात? आता तरी सांगून येऊ का?"

कमलम्मानंही तार दोनदा उलटसुलट करून बघितली. पण ती म्हणाली, "तोरण बांधायचं बघ."

लग्नाच्या दिवशी ती इरकली लुगडं नेसून, विभूती लावून, हातात ओवाळायचं ताट घेऊन पेठेच्या तोंडाशी उभी राहिली. नुकतं उजाडलं होतं. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाटा टाकलेल्या, खाटांवर चादरी, चादरींखाली माणसं. समोरच्या कट्ट्यावर नागव्वानं कूस बदलली आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं. एक कुत्रं उठलं, त्यानं कमलम्माकडे बघितलं आणि तेही परत झोपलं.

कमलम्माच्या जिभेवर हाक आली. एक हाक. नुसतं "नागव्वा!" म्हटलं असतं तरी अख्खी पेठ ताडकन उठून बसली असती, असला तिचा गळा. जन्मभर तो गळा तिनं कशाकशासाठी वापरला होता, दुधासाठी, नळासाठी, पेठेतल्या कामगारांच्या बोनससाठी. आज ज्याच्यासाठी वापरावा त्याच्यासाठी वापरता येत नव्हता. तिनं दात आवळले आणि हाक गिळली.

स्टेशनाकडून वऱ्हाड आलं. पुढं लाल कोटातला, कमलम्माच्या हुकुमानं अजून न वाजवणारा बँड, मागं फुलांनी सजवलेला टांगा, टांग्यात नवरदेव आणि सगळ्यांच्या पुढं गुरुबसप्पा, परीटघडीचा पटका घालून. त्यांनी पेठेत नजर टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरीच चादरी.

"काय अक्का," ते आवाज बारीक करून म्हणाले. "पेठ झोपलीय वाटतं. नका उठवू बिचाऱ्यांना. मी काय कुणाला सांगत नाही."

ही दया कमलम्माला सगळ्यात झोंबली. तिनं मास्तरकडं बघितलं आणि हात वर केला.

बारक्या माणसानं मोठा बाजा उचलला, डोळे मिटले आणि तळातून उठवला. भों... आवाज रस्त्यावरून सरपटत गेला, भिंतींवर चढला. दुसरा बाजा मिळाला, तिसरा मिळाला. भों... वर, आणखी वर, पार डोक्यावर गेला आणि तिथं थरथरत राहिला.

आधी मघाचं कुत्रं उठलं.

मग भवानी पेठ एकदम उभी राहिली.

चादरी उडाल्या. खाटा करकरल्या. दारं धडाधड उघडली. "भोंगा झाला! भोंगा झाला!" नागव्वा नवऱ्याच्या पाठीत बुक्की घालत होती, "उठा की वो, गेट बंद हुतंय!" एकजण अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच बाहेर पडला. पलीकडच्या तेलुगू विणकऱ्यानं घाईत धोतर म्हणून अंथरुणाचीच चादर गुंडाळली होती आणि त्याची बायको मागून डबा घेऊन पळत होती, "एवंडी, एवंडी!" अशी तेलुगूतली "अहो, अहो" करत. दस्तगीर टांगेवाला मनगट कानाला लावून म्हणत होता, "अरे, घड्याळ बंद पड्या क्या मेरा?" पोरं, सुना, म्हाताऱ्या, कुणी सदऱ्यात, कुणी बनियनवर. घरात म्हणून एक माणूस राहिला नाही.

गुरुबसप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "शिव शिव..."

कमलम्माला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी तिला कळलं काय झालंय ते. कारण ही सगळी गर्दी तिच्याकडं बघतच नव्हती. नवरदेवाच्या टांग्याला वळसा घालून, बँडवाल्यांना धक्के मारत, डबे हलवत ती सरळ गिरणीकडे पळत सुटली होती!

"हे येऊन कुठं चालले?" गुरुबसप्पांनी विचारलं.

अजून जरा वेळ, आणि पेठेत उरल्या असत्या त्या रिकाम्या खाटा. जे हसू तिला पुसायचं होतं, ते दुप्पट होऊन धारवाडला गेलं असतं.

तेवढ्यात वरचा सूर सुटला. ढोल पडला. खटक-खट. खटक-खट-खट. आणि बिरप्पा घुसला. पॅप्!

पळणारे पाय अडखळले. पुढच्याच माणसानं, साबणवाल्यानं, मागं वळून बघितलं. त्याचं डोकं गिरणीकडं जात होतं, पण पायांनी ती खटखट ओळखली होती. दिवसाचे आठ तास ती त्यांच्या अंगातून जाई. फक्त तिच्या फटींत असलं काही दडलेलं असेल, हे त्यांना आज कळत होतं. बिरप्पा फटीत शिरे आणि माणसाचा खांदा उडे. पुन्हा शिरे आणि कंबर हले. चादरवाला विणकरी हातात चादरीची गाठ धरून जागच्या जागी ठेका धरायला लागला.

"भोंगा कुणी वाजवला बे?" गर्दीतून कुणीतरी तापून ओरडलं.

"मी!" कमलम्मा कट्ट्यावर चढली, ताटासकट. आता तिला कुणी अडवणार नव्हतं. माणसं तिच्या हाकेशिवाय बाहेर आलेली होती. "मी वाजवला! माज्या हेमावतीचं लगीन हाय! पाळीला टाईम हाय अजून, मुडद्यांनो! डबा खाली ठेवा न्हायतर डोक्यावर घ्या, पण नाचा!"

"ऊन कुणाचं?" मास्तर ओरडला.

"आमचं की!" बँडवाले ओरडले.

"धूळ कुणाची?"

ह्या वेळी बँडवाल्यांना तोंडातनं वाद्यं काढावी लागली नाहीत. "आमची की!" पेठच ओरडली. आणि मग जे सुरू झालं, त्याला नाच म्हणायचं की धिंगाणा, ते ज्यानं त्यानं ठरवावं. डब्यांची झाकणं झांजा झाली. नागव्वा पळी घेऊन आली होती, ती तिनं नवऱ्याच्याच डब्यावर बडवली. दस्तगीरनं नवरदेवाच्या टांग्याचा घोडा धरला, तर घोडाही मान हलवत होता. "चादर कुणाची?" म्हटल्यावर विणकऱ्यानं कमरेची चादर धरून असं काही गरकन वळण घेतलं की बायकोनं डोळे झाकले.

गुरुबसप्पा मात्र अजून घरांकडे बघत होते. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी बोट दाखवलं. "अक्का, ते दार?"

एक दार खरोखरच बंद होतं. ते बसलिंगप्पाचं घर. बसलिंगप्पा गिरणीतून कधीचा रिटायर झालेला, आणि मागांच्या आवाजात त्याचे दोन्ही कान गेलेले. त्याला कुठला भोंगा ऐकू येणार?

बँड वाजत राहिला. दार हललं. आतली कडी कुणीतरी चाचपत होतं. दार उघडलं आणि बसलिंगप्पा बाहेर आला, डोक्याला मुंडासं गुंडाळत, काखेत जुना, पोचे पडलेला डबा.

"खाट हादरली माझी," तो सगळ्यांना मोठ्यानं सांगू लागला. "भोंगा झाला न्हवं का? चला की, थांबलाय कशाला?"

पेठेनं त्याला खांद्यावर घेतलं.

मग गुरुबसप्पांनी पटका सोडला. परीटघडीचा, लांबलचक. कमरेला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि रिंगणात उतरले. आणि खोटं कशाला बोलायचं, तो माणूस नाचला छान. धारवाडची गार हवा, तानपुरा, सगळं विसरून, धुळीत पाय आपटत, बिरप्पाच्या प्रत्येक फुंकरीला खांदा उडवत. बसव्वानं आधी पदर तोंडावर घेतला, मग पदराच्या आत हसली, मग पदर सोडूनच दिला.

आणि ऐन रंगात गिरणीचा खरा भोंगा झाला.

सगळे थबकले. पण मोठ्या बाजावाल्यानं वेळ घालवली नाही. त्यानं त्याच सुरात आपला भोंगा मिळवला. एक गिरणीचा, एक भवानी पेठेचा. दोन्ही बरोबर चढले, बरोबर डोक्यावर गेले. पेठेनं अशी आरोळी ठोकली की कावळे उडाले. मग डबे उचलून सगळे खरोखरच कामाला निघाले, पण चालत नाही. खटक-खट करत, नाचत. ढोलवाला सवयीनं त्यांच्याबरोबर निघाला होता, त्याला मास्तरनं कोटाला धरून मागं ओढलं.

रस्ता रिकामा झाला तेव्हा गुरुबसप्पा कट्ट्यावर बसून धापा टाकत होते. विभूती घामानं नाकापर्यंत उतरली होती. माणूस खुळा नव्हता.

"अक्का, एक विचारतो. रागावू नका. हे सगळे गाण्याला आले, की भोंग्याला?"

कमलम्मानं निरांजनाची वात सारखी केली. "बीगरू, साखरपुड्याला तुमीच म्हणाला न्हवं का, भोंगा हेच सोलापूरचं गाणं? मग आता दोन कशाला करायलाय?"

गुरुबसप्पा असे हसले की कट्टा हलला, आणि त्यांनी हात जोडले. "शरणु, अक्का. शरणु." कमलम्मानं त्यांना ओवाळलं, आणि जास्तीची कुंकवाची बोटं लावली, पट्टा बुजेल इतकी.

लग्न लागलं. गव्हाची गोड हुग्गी झाली, शेंगापोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी हेमावतीला पोचवायला अर्धी पेठ स्टेशनावर गेली. रडारड व्हायचीच होती, झाली. कमलम्मा रडली नाही. डोळ्यांत धूर गेला म्हणाली, इंजिनाचा. मीटरगेजची गाडी हलली. खिडकीत हेमावतीचं तोंड, रडून लाल, पण मान सरळ.

तिच्या शेजारी, त्याच खिडकीतून गुरुबसप्पांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली, छाती भरून घेतली आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असा सूर काढला.

"भों...!"

फलाटावरचा एक हमाल दचकून उठला. हेमावती रडता रडता फस्सकन हसली, आणि गाडी वळेपर्यंत हसतच होती.

कमलम्मा हात वर करून उभी राहिली. मग पंचाक्षरी मास्तरकडं वळून म्हणाली, "सूर जरा खाली लागला त्यांचा. धारवाडचे असून."